मधुमेहातली चिडचिड: स्वभाव, साखर की बी-१२?

नमस्कार. घरात मधुमेहाचं माणूस असलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "हल्ली फार चिडतात हो." खापर फुटतं स्वभावावर, नाहीतर वयावर. त्याआधी दोन गोष्टी तपासा.

एक, साखर खाली गेली आहे का? (गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर) बघा, यावर दोन नावं आहेत, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पोटात अन्न असो-नसो, ग्लिमेपिराइड शरीराला साखर उतरवणारं इन्शुलिन सोडायला लावतंच. संकष्टीला सकाळी गोळी घेतली, मग चंद्रोदयापर्यंत नुसता चहा. दुपारी चारला घाम, थरथर आणि क्षुल्लक कारणावरून आरडाओरडा. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली आला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आकडा वर आला की जेवायला वाढा, उपवास मोडला तरी चालेल. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि पुढच्या उपवासाआधी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट हळूहळू होते, म्हणून निसटते. मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ हे जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. तो संपत आला की चिडचिड, उदासी, विसराळूपणा, तळपायाला मुंग्या. मुंग्या तर "शुगरच्याच" म्हणून सोडून दिल्या जातात! हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बी-१२ कमी असलं तरी पालेभाज्यांतलं फोलेट (हेही एक जीवनसत्त्व) रक्त सावरून धरतं, नसांची झीज मात्र चालूच राहते.

शाकाहारी ताटात बी-१२ येतं ते दूध-दह्यातून. २०० मिलीच्या पेल्यात साधारण १ मायक्रोग्रॅम, रोजची गरज दोनाच्या थोडी वर. चहातलं दोन घोट दूध यात धरू नका. बांगडा खाणाऱ्यांचं बरं आहे, पण शोषणच अडलं असेल तर नुसत्या ताटावर भागेलच असं नाही.

आधी रक्ततपासणी, मग गोळ्या किंवा इंजेक्शन. उलटं केलंत तर रिपोर्ट छान येतो आणि मूळ तूट झाकली जाते. रक्तात बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० असून लक्षणं असतील, तर डॉक्टरांशी बोला. मेटफॉर्मिन परस्पर बंद करू नका.

दोन्ही आकडे ठीक, तरी दोन आठवडे मन कशातच लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.