गाढव पावसाला भितं

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर, आणि आज बोलणारे गाढवांबद्दल, जमलं तर थोडं घोड्यांबद्दलपण. हसलात ना? रेडिओवर दिसत नाही म्हणून काय, कळतं मला.

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, बंगाली पटांगणात. बेलदार, कैकाडी, वडार, वैदू, कुंभार, कुठून कुठून माणसं येतात. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं, मग पाय, मग भाव. काठेवाडी गाढव उंचपुरं, त्याला पैसे जास्त, आपलं गावठी बुटकं, ते स्वस्त. आणि विकणारा हमखास एक वाक्य टाकतो, याला काय लागत नाय साहेब, उकिरड्यावर जगतंय. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण ते अर्धं खरंय.

आता खरं अर्धं काय ते सांगतो. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले, तिकडं इथिओपिया, इरिट्रिया, सोमालियाच्या बाजूला नुसता दगड आणि रेती, पाणी कुठंतरी लांब. वजनाच्या १०-१२ टक्के पाणी अंगातून गेलं की माणूस आडवा होतो, गाढव वजनाच्या २५ टक्के पाणी गेलं तरी उभं असतं, आणि पाणी दिसलं की काही मिनिटांत सगळी तूट भरून काढतं. घोड्याला जे पचायला जड जातं तसलं वाळकं, काडीसारखं गवत त्याला चालतं. कान एवढे मोठे का, तर ऐकायला आहेतच, पण कानात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातून अंगातली उष्णता बाहेर जाते. आणि ते हट्टी म्हणतो ना आपण? रानातलं गाढव मोठ्या कळपात राहत नव्हतं, विखरून राहायचं, त्यामुळं काही दिसलं की सगळ्यांबरोबर धूम ठोकायची सवयच नाही, आधी जागेवर थांबून बघायचं, विचार करायचा. मागून काठी बसली तरी त्याचा विचार संपलेला नसतो.

घोड्याचं उलटं. तो मोकळ्या गवताळ माळावरचा, त्याची सगळी मदार पळण्यावर. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासात पायावर उभं राहतं, कारण लांडगा थांबत नाही. मोठा घोडा उभ्या उभ्या झोपतो, मागच्या गुडघ्याची वाटी अशी काही अडकते की स्नायूंना जोर लावावाच लागत नाही. गाढ झोपेला मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आडवा तो तेव्हाच होतो जेव्हा आजूबाजूला भरवशाचं कुणी असतं.

पण या दणकट प्राण्याचं पोट बघा केवढं नाजूक. जठर अंगाच्या मानानं एवढंसं, म्हणून दिवसरात्र थोडं थोडं चरत राहायचं, आणि उलटी तर त्याला होतच नाही, जे आत गेलं ते पुढंच सरकणार, अडकलं की पोटशूळ, आणि त्यात घोडा जातोसुद्धा. आपल्या भीमथडीच्या घोड्याची केवढी ख्याती, काटक, कमी खाऊन लांब चालणारा, आत्ता २०२४ ला त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पण पानिपतावर, १७६१ च्या लढाईच्या आधी, रसद तुटली तेव्हा छावणीतली जनावरं माणसांच्या आधी उपाशी मरायला लागली. काटक म्हणजे हवा खाऊन जगणारा नव्हे.

आता मूळ मुद्दा, पाऊस. गाढवाच्या केसांतून पाणी झिरपतं, घोड्याइतकं ते निथळत नाही, हिवाळ्यात घोड्यासारखी दाट लोकर येत नाही. खूर कोरड्या दगडासाठी बनलेला, चिखलात मऊ पडतो. म्हणून भर उन्हात मजेत उभं असलेलं गाढव पावसात आडोसा शोधतं, आणि आपण म्हणतो काय नखरे करतंय. वाळवंटातली काटक जात आपण जुलैच्या चिखलात उभी करतो आणि वर म्हणतो याला काय लागत नाही!

असंच एकदा एका मामांचा फोन आला. पावसाळा, वीटभट्टी बंद, दोन गाढवं कडुनिंबाखाली बांधलेली. म्हणाले, डाक्टर, काय झालं असं नाय, पण एक जरा गप उभंय. किती दिवस? दोन दिस. खाल्लं का? मामा विचारात पडले, म्हणाले, तसं बघितलं नाय. मी गाडी काढली. कारण गाढवानं दोन दिवस खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, लिव्हर बसतं, आणि मग औषध उपयोगी पडेलच असं नाही. घोडा दुखलं की लोळतो, लाथा मारतो, पोटाकडं बघतो. गाढव उभं राहतं. एवढंच.

गेलो तर खरंच नुसतं उभं, कान आडवे पडलेले. ताप नाही, पोट ठीक. मी मामांना म्हटलं, ते दुसरं गाढव सोडून जरा लांब न्या. जोडीदार दिसेनासा झाला की गाढव गाव डोक्यावर घेतं, त्यांची जोडी फार घट्ट असते. मामा त्याला घेऊन वळणाच्या पलीकडं गेले. आणि हे ओरडलं नाही. मान पण वळवली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

एकेक पाय उचलून बघितला. पुढच्या उजव्या खुराला तळाशी काळी रेघ, चिमट्यानं दाबली तर पाय जेमतेम बोटभर मागं ओढला, बास, तेवढीच तक्रार. सुरीनं तासलं तर काळा पू चिळकांडीसारखा उडाला, माझ्या शर्टावर, वास आठवडाभर गेला नाही. खूर धुतला, बांधला, सलाईनमधून ग्लुकोज दिलं, आणि मामांना म्हटलं, आधी याला कोरड्यात घ्या. त्यांनी घराच्या पडवीतली मोटरसायकल बाहेर काढली, पावसात, आणि तिथं भुसा पसरून गाढव बांधलं. मामी बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन. मी हॅलो हॅलो करतोय, पलीकडून मामा काहीच बोलत नाहीत. मग ऐकू आलं. एवढ्या जोरात की शेजारी झोपलेली बायको उठून बसली, म्हणाली कोण आहे हे. म्हटलं, पेशंट.