वॉटरगेटनंतरचे चार्ल्स कोल्सन

सभ्य स्त्रीपुरुषहो,

आपल्याकडे धर्मांतर म्हटले की पंडिता रमाबाई किंवा रेव्हरंड नारायण वामन टिळक डोळ्यांपुढे येतात, म्हणजे एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणारी, आणि त्यासाठी घरादाराचा रोष पत्करणारी माणसे. चार्ल्स कोल्सन यांचे तसे नव्हते. ते जन्माने ख्रिस्तीच होते, पण नावापुरते. ख्रिस्ती परंपरेत ज्याला ‘नव्याने जन्मणे’ म्हणतात ते त्यांच्या बाबतीत वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी घडले, आणि तेही सत्तेच्या शिखरावरून घसरत असताना. त्यामुळे १९७३च्या अखेरीस ही बातमी फुटली तेव्हा अनेकांना ते तुरुंग चुकवण्यासाठी घेतलेले सोंग वाटले. हा संशय मला अजिबात अनाठायी वाटत नाही.

कोल्सन कोण होते हे पाहिले, तर संशयाचे कारण कळते. १९६९पासून ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे विशेष सल्लागार होते, आणि इतरांनी हात लावू नये अशी कामे करून देणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. निक्सन यांच्या विरोधकांची जी कुप्रसिद्ध यादी पुढे उघड झाली, तिच्यातली पहिली वीस नावे १९७१ साली त्यांच्याच कार्यालयातून गेली होती. व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रे वृत्तपत्रांच्या हाती देणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांना बदनाम करण्याच्या मोहिमेमागेही तेच होते.

मार्च १९७३मध्ये त्यांनी व्हाइट हाउस सोडले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधल्या एका रात्री ते मॅसॅच्युसेट्समध्ये टॉम फिलिप्स या स्नेह्याच्या घरी गेले. फिलिप्स रेथिऑन या मोठ्या कंपनीचे प्रमुख होते आणि काही वर्षांपूर्वी श्रद्धावान झाले होते. त्यांनी सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाच्या पुस्तकातले गर्वाविषयीचे प्रकरण वाचून दाखवले. गर्विष्ठ माणूस सतत खाली पाहत असतो, म्हणून त्याला स्वतःहून उंच असलेले काही दिसतच नाही, असा त्यातला एक विचार आहे. कोल्सन यांना तो जिव्हारी लागला. तरीही त्यांनी तिथे प्रार्थना करायचे टाळले आणि निरोप घेतला. बाहेर अंधारात गाडीची किल्ली चाचपताना डोळे भरून आले. गाडी सुरू केली, पण जेमतेम शंभर यार्डांवर ती रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, कारण रडू आवरेना आणि समोरचे दिसेना. तिथे एकट्याने बसून त्यांनी पहिली प्रार्थना केली. हे सारे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि त्याला दुसरा साक्षीदार नाही. म्हणून मी त्या रात्रीला पुरावा मानत नाही. पुरावा पुढच्या वर्षी मिळतो.

मार्च १९७४मध्ये त्यांच्यावर वॉटरगेट प्रकरण, म्हणजे निक्सन यांच्या माणसांनी १९७२ साली विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात केलेली घुसखोरी, दडपल्याचा, तसेच एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातील चोरीच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. वकिलाचा पेशा असलेल्या या माणसाला खटला लढवता आला असता, आणि सुटण्याची आशाही होती. परंतु ३ जून १९७४ रोजी त्यांनी न्यायालयात उभे राहून एका वेगळ्याच गुन्ह्याची कबुली दिली: एल्सबर्ग यांची बदनामी करून त्यांच्यावरील खटल्याच्या न्याय्य चौकशीत अडथळा आणल्याची. त्याबदल्यात इतर आरोप मागे घेतले गेले हे खरे, पण शिक्षा टळली नाही. न्यायाधीश गेसेल यांनी एक ते तीन वर्षांचा कारावास आणि पाच हजार डॉलर दंड ठोठावला. आपण सहज वाल्या कोळ्याची आठवण काढतो. पण वाल्याला कोणत्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले नव्हते. देवाकडे क्षमा मागणाऱ्याने कायद्याचे देणेही चुकते करावे, ही गोष्ट मला कोल्सन यांच्या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते.

अलाबामातल्या मॅक्सवेल तुरुंगात ते धुलाईखान्यात कैद्यांचे कपडे धूत. बाहेर त्यांची काळजी वाहणाऱ्यांत हॅरल्ड ह्यूज होते, म्हणजे निक्सन यांचे कडवे विरोधक असलेले डेमोक्रॅट सिनेटर. आणि अमेरिकी संसदेचे सदस्य अल क्वी यांनी तर कोल्सन यांची उरलेली शिक्षा आपण भोगू, असे सुचवले होते. एका कैद्याने मात्र त्यांना स्पष्ट विचारले, की तुम्ही बाहेर गेल्यावर आमच्यासाठी काय करणार. मोठी माणसे सगळीच आश्वासने देतात आणि विसरतात. सात महिन्यांनी, जानेवारी १९७५च्या शेवटच्या दिवशी, त्यांची सुटका झाली.

ते विसरले नाहीत. १९७६ साली त्यांनी ‘प्रिझन फेलोशिप’ स्थापन केली. तुरुंगांत बायबलचे वर्ग, कैद्यांच्या मुलांना आई किंवा वडिलांच्या नावाने नाताळची भेट, तुरुंगातील बलात्कार रोखणाऱ्या २००३च्या कायद्यासाठी पाठपुरावा, असा हा व्याप वाढत गेला. नाताळच्या भेटींची कल्पना स्वतः तुरुंग भोगून आलेल्या एका स्त्रीची होती. धर्मक्षेत्रातील कार्यासाठी दिल्या जाणाऱ्या, १९९३ साली मिळालेल्या टेम्पलटन पुरस्काराची दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी संस्थेलाच दिली.

सगळेच मला पटते असे नाही. आयोवातल्या एका सरकारी तुरुंगात संस्थेशी संलग्न धार्मिक कार्यक्रम सरकारी पैशांवर चालला, तेव्हा २००६ साली संघीय न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि न्यायालयाचेच म्हणणे मला योग्य वाटते. श्रद्धा सरकारच्या खर्चाने वाटली, तर ती न स्वीकारणाऱ्या कैद्याचे काय, याचे उत्तर कोल्सन यांच्या उत्साहात मला सापडत नाही.

गुन्हेगार ठरल्यामुळे गमावलेले नागरी हक्क त्यांना फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी थेट २०००मध्ये परत दिले; तोवर एकेकाळी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची गणिते मांडणाऱ्या या माणसाला पाव शतक मतदान करता येत नव्हते. ईस्टरची उपासना मात्र ते वर्षानुवर्षे तुरुंगात कैद्यांबरोबर करत राहिले. मार्च २०१२च्या अखेरीस भाषण करत असतानाच त्यांची प्रकृती बिघडली, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि ८ एप्रिलचा ईस्टर त्यांना रुग्णालयात काढावा लागला. २१ एप्रिल रोजी ते गेले.