उत्तर मिळालं, पुढे काय झालं?

नमस्कार मंडळी. एकाच व्यवसायातली माणसं ईमेलवरून एकत्र चर्चा करतात. डॉक्टर करतात, अभियंते करतात, ग्रंथपाल, अनुवादक, लेखापाल करतात. अशा कुठल्याही गटात लिहिणारे थोडे असतात आणि नुसतं वाचणारे पुष्कळ. आज मला बोलायचंय ते या वाचणाऱ्यांच्या वतीने. ईमेल लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर ज्याला उत्तर द्यायचं तो एकटाच असतो, बाकीचे दिसत नाहीत. शिष्टाचार बिघडतो तो इथेच.

चर्चेची ही रीत जुनी आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ईमेल पाठवला. १९७५पर्यंत आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी संगणक-जाळ्यावर, गटाने चर्चा सुरूसुद्धा झाली होती. १९८६मध्ये एरिक थॉमस यांनी 'लिस्टसर्व्ह' हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि सभासदांची यादी सांभाळण्याचं काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं. त्या पहिल्या पिढ्यांनी काही उत्तम सवयी लावून घेतल्या होत्या. त्यांतली एक मला फार मोलाची वाटते.

सन कंपनीच्या संगणकांची देखभाल करणाऱ्यांचा 'सन-मॅनेजर्स' नावाचा एक गट होता. तिथला नियम असा: कुणी प्रश्न विचारला, तर उत्तरं सगळ्यांना न पाठवता फक्त विचारणाऱ्याला पाठवायची. आलेली उत्तरं विचारणाऱ्याने तपासायची, करून पाहायची आणि मग त्यांचा सारांश अख्ख्या गटाला लिहायचा. विषयाच्या ओळीत 'समरी' असा शब्द टाकायचा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला तो नेमका सापडेल.

यातून काय साधतं पाहा. एकच उत्तर दहा जणांनी दिलं तरी बाकीच्यांना ते दहादा वाचावं लागत नाही. चुकीचं उत्तर देणाऱ्याची चारचौघांत शोभा होत नाही. आणि दोन वर्षांनी तीच अडचण आलेल्या अनोळखी माणसाला प्रश्न, प्रयत्न आणि परिणाम एकाच जागी मिळतात. जुनी चर्चा शोधावी, आपलाच प्रश्न कुणीतरी विचारलेला दिसावा आणि शेवटी नुसतं 'धन्यवाद, झालं काम!' एवढंच असावं, याचा वैताग तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. काम कशाने झालं? कोणता उपाय फसला? ते लिहायला पाच मिनिटं लागली असती. प्रश्न सुटला नसेल तरीही लिहा. कुठली वाट बंद आहे हे कळणंसुद्धा पुढच्या माणसाला उपयोगी पडतं.

आता विचारण्याबद्दल. 'कुणाला याची माहिती आहे का?' एवढ्यावर तज्ज्ञ माणूस काय सांगणार? नेमकं काय करायचंय, आतापर्यंत काय करून पाहिलं, कुठे अडलं आणि उत्तर कधीपर्यंत हवंय, एवढं तरी सांगा. मुळात काय साधायचंय ते जरूर सांगा, कारण पुष्कळदा आपण आपल्याच अर्धवट उपायाबद्दल विचारतो आणि मूळ अडचण सांगायची राहूनच जाते.

नवा विषय काढताना जुन्या ईमेलला 'रिप्लाय' करून विषयाची ओळ बदलण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. प्रत्येक ईमेलला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो आणि आपण कुणाला उत्तर देतोय त्याचा क्रमांक उत्तरात न दिसता नोंदला जातो. त्यावरूनच अनेक प्रणाली चर्चेची साखळी लावतात. त्यामुळे ओळ बदलली तरी तुमचा नवा प्रश्न जुन्या साखळीत जाऊन बसतो आणि ज्यांनी ती चर्चा बंद करून ठेवली आहे त्यांना तो दिसतच नाही. उत्तर देताना मात्र साखळीतच द्या, ज्या वाक्याला उत्तर देताय तेवढंच ठेवा आणि खालचा सगळा जुना मजकूर काढून टाका.

मोठ्या अटॅचमेंटबद्दल एवढंच: ईमेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि ती प्रत्येकाकडे पोचते. दुवा द्या. रजेवर जाताना लावलेलं आपोआप उत्तर गटाला जात नाही ना, तेही पाहून ठेवा. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणी ईमेल चुकून लाखो कर्मचाऱ्यांना गेला. 'मला यातून काढा' असं लोकांनी पुन्हा सगळ्यांनाच कळवलं आणि अख्खी यंत्रणा मंदावली.

सुराचा प्रश्न याहून अवघड आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्य उपरोधाने लिहिलंय की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला किती वेळा कळेल? लिहिणाऱ्यांचा अंदाज होता सुमारे ७८ टक्के. प्रत्यक्षात ईमेलमधून ते कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासं बरं. तेव्हा व्यावसायिक गटात उपरोध टाळलेलाच बरा. राग आला तर काय करावं, हे १९९५च्या 'आरएफसी १८५५' या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे: भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. वाद दोघांपुरताच उरला तर तो खासगीत न्या, असंही त्यात सांगितलं आहे.

मात्र माहितीतली चूक गटासमोरच दुरुस्त व्हायला हवी. औषधाची मात्रा किंवा करभरण्याची तारीख चुकीची लिहिली गेली, तर खासगीत सांगून भागत नाही. तोवर ती अनेकांनी वाचलेली असते. मतभेद कशाशी आहे तेवढं लिहा, आधार द्या आणि माणसाबद्दल एक अक्षरही लिहू नका. नवख्याच्या बाबतीत तर हे दुप्पट पाळा. एकाला झिडकारलेलं पाहिलं की विचारायला धजावणारे आणखी कितीतरी जण गप्प होतात, आणि ते गप्प झाल्याचं कुणाला कळतही नाही.

शेवटचा मुद्दा गोपनीयतेचा. रुग्णाचं, अशिलाचं किंवा ग्राहकाचं नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. दुर्मीळ आजार, वय आणि गाव एकत्र आले की जाणकार माणूस सहज ओळखतो. म्हणून प्रश्नाला आवश्यक तेवढाच तपशील ठेवा. दुसऱ्याने गटात लिहिलेलं बाहेर नेण्याबाबत १९२७पासून चालत आलेला चॅटहॅम हाउस या लंडनमधल्या अभ्याससंस्थेचा नियम उपयोगी आहे: ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करू नका. तुमच्या गटात हा नियम चालतो की याहून कडक, हे संचालकांना आधी विचारा. शब्दशः मजकूर पुढे पाठवायचा असेल तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, आणि त्याने नाही म्हटलं तर कारण विचारू नका.