शिळावर्तुळांपासून विद्यापीठापर्यंत

काटोल रस्त्यावरचं हे जुनापाणी. नागपूर मागे पडतं न पडतं तोच हे काळे धोंडे दिसू लागतात. या दगडावर ओळीने कोरलेले खळगे पाहा. ते कशासाठी कोरले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

गोल मांडलेल्या या धोंड्यांखाली लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत. एकट्या जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळं.

विदर्भाचा अभ्यास अशाच दगडांपाशी सुरू झाला. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. सप्टेंबर १८६३. परतताना नदी ओलांडताना ते बुडाले.

१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, तेव्हा त्याचा पसारा जबलपूर, रायपूरपर्यंत होता. मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वा. वि. मिराशी ताम्रपट वाचत बसत. त्यांनी संपादित केलेले वाकाटकांचे, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या प्राचीन राजघराण्याचे, कोरीव लेख १९६३ मध्ये ग्रंथरूपात आले. रामटेकजवळचं हे नगरधन म्हणजे त्याच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन.

मग पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आले आणि विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग उत्खननासाठी शेतात उतरला. टाकळघाट-खापा, पवनी, माहूरझरी. माहूरझरीत दफनातल्या घोड्यांच्या हाडांसोबत तांब्याचे अलंकार मिळाले. हे लालसर मणीही त्याच मातीतले. उत्खननांचे अहवाल विद्यापीठाने स्वतः छापले; माहूरझरीचा १९७३ मध्ये. मातीपासून छापखान्यापर्यंतचं सगळं काम नागपुरात झालं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पुढे अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना. आता इतिहास एका विभागात, भूगोल दुसऱ्यात, मराठी तिसऱ्यात. पण भंडाऱ्याचा हा मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला, तलाव समजून घ्यायचा, तर उतार मोजता यायला हवा, जुनी कागदपत्रं वाचता यायला हवीत आणि पाळीवर बसलेल्या आजोबांची झाडीबोली, ही पूर्व विदर्भाची बोलीही कळायला हवी. हे सारं एकत्र शिकवणारं, विदर्भाच्या अभ्यासाला वाहिलेलं पूर्ण महाविद्यालय विद्यापीठाने नागपुरात उभं करावं.

दरम्यान काही वर्तुळं नांगराखाली गेली, काही बांधकामात.

पुन्हा जुनापाणी. टेपचं एक टोक या मुलीच्या हातात, दुसरं पलीकडच्या धोंड्यापाशी. आकडा वहीत उतरला. पुढचं वर्तुळ धुऱ्यापलीकडे आहे.