सातशे एमबीची शिदोरी

पत्रिकेत विषय छापलाय ‘मुक्त सॉफ्टवेअर आणि निवडीचं स्वातंत्र्य’. मी त्याच्या जरा अलीकडच्या गोष्टीवर बोलणार आहे. आपण निवडायला बसतो त्याच्या आधीच कोणीतरी आपल्यासाठी निवडून ठेवलेलं असतं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, मशीन पहिल्यांदा सुरू झालं, मेनू उघडला. त्यात जे दिसतं ते कोणी ठरवलं, आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून? उदाहरण उबुंटूचं घेतो, म्हणजे लिनक्सवरच्या एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं. ती पहिल्यापासून नवख्यांसाठी म्हणून काढलेली, आणि तिच्यातली भांडणं चारचौघांत झाली, त्यामुळे कोण का भांडलं ते आपल्याला कळतं.

२००८ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातली एक शाळा, देणगीत आलेली दहा जुनी मशिनं, इंटरनेट नाही. माझ्या पिशवीत उबुंटू ८.०४ ची सीडी. त्या काळी उबुंटू काढणारी कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवायची. २०११ मध्ये ते बंद झालं. दिवसभर खपून दहाही मशिनं लावली. संध्याकाळी मुख्याध्यापिका बाई आल्या, त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. त्यात शाळेतल्या मुलांनी म्हटलेली प्रार्थना होती, एमपी३ मध्ये. डबल क्लिक केलं. एक चौकट आली: हे वाजवायला लागणारा कोडेक इथे नाही, शोधू का? म्हटलं शोध बाबा. इंटरनेटच नाही, तो शोधतोय कुठे! बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर वाजत होतं हो.”

त्या ‘हो’पुढे मी काय बोलणार? एमपी३ वर तेव्हा पेटंटं होती, म्हणून उबुंटूने तो कोडेक, म्हणजे ती फाइल उलगडून वाजवणारा तुकडा, सीडीवर घेतला नव्हता. हे मी बाईंना समजावून सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि प्रार्थना काही वाजली नाही. लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम २००६ मध्ये निघाली आणि नावारूपाला आली ती बरीचशी याच खड्ड्यावर फळी टाकून. उबुंटूच घ्यायची, वर कोडेक घालून द्यायचे. पेटंटांचा प्रश्न २०१७ मध्ये मिटला. तोवर बाई निवृत्तही झाल्या असतील.

पण त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही. मी युनिकोडमधली एक मराठी फाइल उघडून दाखवली. रफार जागेवर, पहिली वेलांटी जागेवर, जोडाक्षरं जोडलेली. ज्यांनी त्या काळी विंडोज एक्सपी वापरलंय त्यांना आठवत असेल, तिथे यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे, मग एक्सपीची मूळ सीडी घालावी लागे, आणि ती सीडी कधीच सापडत नसे. उबुंटूच्या सीडीवर मात्र भारतीय लिप्यांचे फॉन्ट आधीपासून होते. कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलं होतं की एवढी जागा त्यांना द्यायची. चांगल्या डिफॉल्टचं, म्हणजे न मागता आधीच घालून दिलेल्या गोष्टीचं, नशीब हे असं असतं, जमलं तर ते असल्याचा पत्ताच लागत नाही.

आता जागेचा हिशेब. २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून पण केलेला होता की सगळं एका सीडीत मावलं पाहिजे. म्हणजे ७०० एमबी. त्यात सिस्टिम, ऑफिस, ब्राउझर, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं. कोकणात गावाहून मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत आजी काय काय कोंबते, तसं. फणसपोळी घातली की कुळथाचं पीठ राहतं. त्यामुळे एक नियम झाला: एका कामाला एकच सॉफ्टवेअर. गाण्यांना एक, पत्रांना एक, फोटोंना एक. नवख्याच्या दृष्टीनेही हा नियम चांगला. ज्याला तिन्हींची नावं अनोळखी, त्याला तीन प्लेअर देणं म्हणजे परक्या स्टेशनवर उतरवून तीन फाटे दाखवणं.

सगळ्यात गाजलं ते जिम्पचं प्रकरण. जिम्प म्हणजे चित्रांवर काम करायचं मोठं सॉफ्टवेअर, फोटोशॉपच्या पंगतीतलं. २००९ च्या अखेरीस उबुंटूच्या डेव्हलपर मंडळींनी ठरवलं की पुढच्या आवृत्तीत, म्हणजे १०.०४ मध्ये, हे नको. सामान्य माणसाला ते झेपत नाही, जागा बरीच खातं, आणि लाल झालेले डोळे काळे करणं, फोटो कापणं एवढं तर फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्येच होतं. केवढा गहजब झाला! ज्यांना जिम्प हवं होतं त्यांना ते एका आज्ञेत परत मिळणार होतं, आणि आरडाओरडा नेमका त्यांचाच होता. मी तेव्हा काढणाऱ्यांच्या बाजूने होतो. आजही आहे, थोडा डळमळून. त्याबद्दल शेवटी सांगतो.

जागेपेक्षा मोठा खर्च दुसराच असतो, तो वापरणाऱ्याला दिसत नाही. उबुंटूची पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. डिफॉल्टमध्ये जे जातं ते ‘मेन’ नावाच्या कप्प्यात असावं लागतं, आणि तिथे घेतलं की त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीच्या अंगावर. दीर्घ मुदतीची आवृत्ती असेल तर पाच वर्षं. आधी अर्ज, मग छाननी, त्यात काही खोट सापडली तर आणखी फेऱ्या. मुलगी बघायला जाण्याइतका सोपा मामला नाही, पाच वर्षांचा संसार आहे. शिवाय पॅकेज एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. यादी करणारे फक्त मुख्य नावं लिहितात, तिला ते ‘सीड’ म्हणतात, म्हणजे बी. मग जर्मिनेट नावाचा प्रोग्रॅम त्या बियांना काय काय लागतं ते बघत जातो आणि पूर्ण यादी उगवून देतो. बॅन्शी हा गाण्यांचा प्लेअर ११.०४ मध्ये डिफॉल्ट झाला, १२.०४ मध्ये गेला. तो आणि टॉमबॉय ही टिपणवही, दोघांनाही चालायला मोनो नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर खाली लागायचं. दोघं गेल्यावर मोनोही सीडीवरून उतरलं. चिमूटभर टिपणवहीसाठी केवढं बिऱ्हाड वागवत होतो ते तेव्हा कळलं. त्याच १२.०४ मध्ये जुना प्लेअर रिदमबॉक्स परत आला. सून माहेरी गेली आणि सासूने किल्ल्या पुन्हा कमरेला लावल्या. (माफ करा, पुढच्या रांगेतल्या ताई रागावलेल्या दिसतायत.)

मग लोकांनाच का विचारू नये, असं कोणीही म्हणेल. विचारलं होतं. २०१७ मध्ये, १८.०४ ची तयारी चालू असताना, तुम्हाला कोणत्या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर हवं ते सांगा, असं जाहीर आवाहन झालं. कामांची यादी बघण्यासारखी होती. ब्राउझर, ईमेल, ठीक आहे. पण टर्मिनल, प्रोग्रॅमिंगचं आयडीई, आयआरसीवरच्या गप्पा, स्क्रीन रेकॉर्डर! आमच्या बाईंनी यातल्या कुठल्या ओळीपुढे काय लिहिलं असतं? व्हिडिओसाठी व्हीएलसीला भरभरून पसंती मिळाली, आणि १८.०४ आली ती आधीचाच प्लेअर टोटेम घेऊन. लोकांना राग आला, मला फारसा आला नाही. ज्याला व्हीएलसी माहीत आहे तो ते दोन मिनिटांत घालून घेतो. ज्याला काहीच माहीत नाही तो मत द्यायला येतच नाही. उबुंटू जिच्यावर उभी आहे त्या डेबियनकडे कोणतं पॅकेज किती मशिनांवर आहे याचीही मोजदाद होते, पण ती ज्यांनी मुद्दाम चालू केली त्यांचीच. आणि तीत वरच्या नंबरावर काय येणार? जे आधीपासून घातलेलं आहे तेच.

एका सीडीत मावायचा तो पण २०१२ च्या ऑक्टोबरात मोडला, १२.१० सीडीत मावेना. आज २४.०४ ची फाइल साडेपाच जीबीच्या पुढे आहे. गंमत अशी की डबा एवढा मोठा झाल्यावर जेवण कमी वाढायला लागले. १८.०४ मध्ये किमान इन्स्टॉलेशनचा पर्याय आला, ठीक होतं, मागेल त्याला. २३.१० पासून मात्र तोच पहिला पर्याय झाला. निमूट पुढे-पुढे दाबत गेलात तर ब्राउझर मिळतो, बारीकसारीक साधनं मिळतात, लिब्रेऑफिस, म्हणजे लिहिण्या-हिशेबाचं ऑफिस, मिळत नाही. कारण सांगितलं जातं की ज्याला जे हवं ते तो उतरवून घेईल. हा जाणत्याचा हिशेब आहे. जाणता माणूस पर्याय बदलतो. निमूट पुढे-पुढे कोण दाबतं? नवखाच. आणि त्यालाच पहिल्या दिवशी अर्ज टाइप करायचा असतो.

माझी यादी विचाराल तर ती मोठ्या नावांची नाहीच. झिप उघडलं पाहिजे, प्रिंटर ओळखला पाहिजे, व्हिडिओ वाजला पाहिजे, मराठीचा कीबोर्ड दोन क्लिकांत मिळाला पाहिजे. आणि मेनूत सॉफ्टवेअरचं नाव असण्यापेक्षा कामाचं असावं. फाइल्स बघायच्या सॉफ्टवेअरला ‘नॉटिलस’ म्हणायच्या ऐवजी ‘फाइल्स’ लिहिलं, तेव्हा अर्धी शिकवणी वाचली.

आता ते डळमळण्याचं. त्या शाळेत मी चार महिन्यांनी परत गेलो, कोडेक पेन ड्राइव्हवर घेऊन. प्रार्थना वाजली. बाईंनी चहा मागवला, आणि स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका माझ्या हातात दिली. सातवीतल्या एका मुलाने केलेली. ‘स्नेहसंमेलन’ या शब्दाला अशी जाड निळी सावली की मूळ अक्षरं शोधावी लागत होती, कोपऱ्यात तिरकी समई, तिची ज्योत समईपेक्षा मोठी. त्याला विचारलं, हे कशात केलंस रे? म्हणाला, “त्या कोल्ह्याच्या तोंडात ब्रश असतो ना सर, त्यात.” जिम्पचं चिन्ह. त्या ८.०४ मध्ये ते अजून होतं. शिकवलं कोणी? कोणी नाही. मधल्या सुट्टीत मेनूतलं एकेक उघडून बघत होता, चित्र आवडलं म्हणून थांबला.

शाळेत इंटरनेट तेव्हाही आलं नव्हतं.