घाट उतरणारे ब्रेक पॅड

[पहाट. अंगणात दोन किटल्या. झाकण बसल्याचा आवाज.]

चाळीस लिटरची एक किटली, अशा दोन. नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर भरतं. किटल्यांचं वजन वेगळं, चालवणाऱ्याचं वेगळं. एवढं ओझं एका मोटारसायकलवर बसतं आणि बीड जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगराच्या माथ्यावरून, किल्ले धारूरच्या घाटानं, खाली तेलगावच्या बाजूला उतरतं. रोज. श्रावणाच्या झडीत, पोळ्याला, दिवाळीच्या अभ्यंगाच्या वेळेलासुद्धा.

[घाटातलं वळण. समोरून उसाची ट्रॉली. कडेला पानं गळालेली सीताफळीची झुडपं.]

रस्ता अरुंद, वळणं आवळलेली. उसाचा हंगाम सुरू झाला की समोरून लादलेली ट्रॉली येते, आणि दुचाकीला उरतं ते कडेचं हातभर डांबर.

चढाला गाडीला ताकद लागते हे सगळ्यांना कळतं. म्हणून इंजिनाची काळजी सगळेच घेतात. ऑइल बदलतात, प्लग पुसतात, पारावर बसून ॲव्हरेजच्या गोष्टी करतात. उताराला मात्र सगळी भिस्त असते ती ह्या एवढ्याशा तुकड्यावर.

[तळहातावर जुना ब्रेक पॅड, अगदी जवळून.]

ही लोखंडी पट्टी. तिच्यावर हा काळपट थर. चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, तिला घासतो तो हा थर. नव्या पॅडमध्ये तो चार-पाच मिलिमीटर जाड असतो. दोनच्या आसपास आला की बदलायचा, इतका साधा हिशेब. हा जो तुम्ही पाहताय, त्याचा थर एका बाजूला नखाएवढा उरलाय आणि दुसऱ्या बाजूला पट्टीच डिस्कला लागलीय. हे चमकतंय ना, ते लोखंडावर लोखंड घासल्याचं आहे. हा पॅड कालपर्यंत दोन किटल्या घेऊन घाट उतरत होता.

[मामा, हेच ते दूधवाले, ओट्यावर बसलेले.]

मामांचा बाईट: "बिरेक लागायलाय म्हणजे चांगलाच हाय, आसं वाटायचं. किरकिर यायली तरी म्हणलं धूळ असंल. आन गाडी गॅरेजला टाकावी तर दोन टाइमाचं दूध घरी ऱ्हातंय."

हे शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं. तालुक्याच्या गॅरेजला गाडी सोडायची म्हणजे एक दिवस गेला. एक दिवस गेला म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं दूध संकलन केंद्रावर पोचलं नाही. म्हणून ब्रेकचं काम उद्यावर जातं, उद्याचं बाजारच्या दिवसावर, आणि बाजारच्या दिवशी गॅरेजपुढं रांग असते. आम्ही ज्या ज्या दूधवाल्यांशी बोललो, त्यातल्या कुणालाही ब्रेकची फिकीर नव्हती असं झालं नाही. फिकीर होती, सवड नव्हती.

मामांनी मागच्या वर्षी एकदा सवड काढली होती. पॅड बदलले म्हणून पैसे दिले. गाडी घरी आल्यावर लेकीनं वाकून पाहिलं, तर पॅड जुनेच. वरून पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवलेले. त्या दिवशी ह्या घरात ठरलं, की पुढच्या वेळेला हे काम अंगणात होणार.

[ताई पाने मांडतेय. किटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल, व्हिडिओ कॉल सुरू.]

ही त्यांची लेक. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांना 'दादा' म्हणते, इकडं बऱ्याच घरांत म्हणतात तसं. फोनवर दिसतोय तो तिचा भाऊ. तो छत्रपती संभाजीनगरजवळ (औरंगाबाद) वाळूजला कंपनीत कामाला आहे.

वाळूजविषयी इथं थोडं सांगितलंच पाहिजे. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला, आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत वाढली. दुचाकीचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स तिथलीच. बीडची, जालन्याची, परभणीची पोरं तिथं लाइनवर उभी असतात. देशभरातल्या गाड्यांना जे ब्रेक लागतात त्यातले कितीतरी मराठवाड्याच्या हातांनी जोडलेले आहेत. आणि त्याच मराठवाड्यात, त्याच पोरांच्या घरी, पॅड किती उरलाय ते क्वचितच कुणी वाकून पाहतं. ह्या गोष्टीनं आम्हाला हा व्हिडिओ करायला लावलं.

[गाडी मेन स्टँडवर. पुढचं चाक, कॅलिपर.]

पुढच्या पॅडसाठी चाक काढावं लागत नाही. ही पहिली भीती इथंच जाते. लागतं ते एवढंच: बारा नंबरचा रिंग पाना, पाच नंबरची एलन की, जुना टूथब्रश, भांड्याचा साबण, स्वच्छ फडकं. पान्याचे नंबर गाडीगणिक बदलतात, काम तेच राहतं.

पॅड धरून डिस्कवर दाबतो तो कॅलिपर. तो फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या दांड्यावर, घट्ट आहे तोवरच ताई पॅडची पिन सैल करून घेते. आधी कॅलिपर सोडला तर तो हातात फिरतो आणि पिन हलत नाही. मग दोन बोल्ट. कॅलिपर सुटला, तो ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू न देता तिनं सुतळीनं वर बांधला. नळीला ताण नको.

पॅड बाहेर आले. दोन्ही शेजारी ठेवले.

ताई: "दादा, हे बगा. आतला संपलाय, बाहेरचा आर्धा हाय."

मामांना जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं.

[दोन पॅड शेजारी शेजारी. मामांचा अंगठा.]

दोन पॅड, दोन जाड्या. हा फरक बोलका आहे. ह्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबानं पुढं सरकणारा दट्ट्या, एकाच बाजूला आहे. तो आतला पॅड ढकलतो, आणि मग अख्खा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच झिजत राहतो. नुसते नवे पॅड घालून मोकळं झालो असतो तर सहा महिन्यांत हेच पुन्हा.

[साबणाचं पाणी. काळा ओघळ फरशीवर.]

आता हा भाग आम्ही काटछाट न करता दाखवतोय. हे काळं पाणी पाहा. आपली काळी माती भिजली की डिंकासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गाडी गेली की ती कॅलिपरच्या सांदीत जाऊन बसते. त्यात पॅडची भुकटी मिसळते. ताईनं तिसऱ्यांदा पाणी बदललं तेव्हा कुठं पिस्टनचा खरा रंग दिसला.

ही भुकटी तोंडानं फुंकायची नाही. हवेनंही उडवायची नाही. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस वापरत असत, आणि आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते नुसतं बघून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची. पेट्रोल, डिझेल, रॉकेल ह्यांतलं काही इथं लागू द्यायचं नाही. पिस्टनभोवती रबराचं सील असतं, ते फुगतं. आणि पिस्टन मळका असताना आत ढकलला तर तो मळ त्याच सीलवर जाऊन बसतो. म्हणून आधी धुणं, मग ढकलणं. एक गोष्ट ताईच्या भावानं फोनवरून तीनदा सांगितली: पॅड बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर कुणी दाबायचा नाही. पिस्टन निसटून बाहेर येतो. घरातल्या लहान पोराला म्हणूनच आजीकडं बसवलंय.

[पिना. फाटलेला रबरी बूट. गंज.]

ह्या त्या पिना. कोरड्या ठणठणीत. मामांनी पाण्याच्या मोटारीचं ग्रीस पुढं केलं.

ताई: "नगं दादा, ते बेरिंगचं हाय. रबर फुगतंय त्यानं."

ब्रेकच्या पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं. पॅडबरोबरच आणलेली ही छोटी पुडी. बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. पिन बुटात, म्हणजे तिच्या रबरी टोपणात, घातली, दोनदा आतबाहेर केली, आणि कॅलिपर एका बोटानं सरकला.

[हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी. झाकण उघडं.]

इथं बरेच जण फसतात. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि डबीतलं ऑइल खाली जातं. ते गळालेलं नसतं, पिस्टनच्या मागं गेलेलं असतं. कमी दिसलं म्हणून कुणीतरी मध्येच भरून ठेवतं. मग नव्या पॅडसाठी पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल वर उसळतं आणि टाकीवर सांडतं. टाकीचा रंग त्यानं उकलतो. ताईनं म्हशीच्या औषधाची धुऊन वाळवलेली सिरिंज घेतली आणि थोडं ऑइल आधीच काढून घेतलं. ही सिरिंज आता पुन्हा गोठ्यात जाणार नाही. ब्रेक ऑइल विषारी असतं.

[सिरिंजमधलं ऑइल उजेडात. गडद चहासारखा रंग.]

रंग पाहा. नवं ऑइल फिकट सोनेरी असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की लवकर उकळतं. डॉट ३ ही ब्रेक ऑइलची एक प्रत. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये. पाणी शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उताराला ब्रेक सतत धरून ठेवला तर कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पिस्टन हलत नाही, लिव्हर हँडलला टेकतो. आणि आपल्याकडं पेट्रोल वाचवायला उताराला गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची पद्धत आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जे ओझं मागं धरून ठेवतं, ते सगळं त्या नखाएवढ्या थरावर येतं.

[घाटातलं तेच वळण. तुटलेला कठडा. नंतर एक पाय, कुबडी.]

मामांच्या चुलतभावाची गाडी इथं थांबली नाही. पायात रॉड आहे.

[अंगण. जुना पॅड पिस्टनवर ठेवून अंगठ्यांनी दाबताना.]

पिस्टन आत जातोय. सावकाश, सरळ. डबीवर नजर ठेवायला मामा उभे. वर आलं, थांबा, पुसलं, पुन्हा. मग नवे पॅड. काळी बाजू डिस्ककडं. हे सांगायला सोपं वाटतं, पण उलटा बसवलेला पॅड आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. आतली पत्र्याची स्प्रिंग जागेवर आहे ना, तेही बघायचं, नाहीतर पॅड खडखडतात.

पॅडची जोडी तीनशे वीस रुपयांना पडली. ताईनं जुना पॅड सोबत नेला होता आणि दुकानात दोन्ही पाठीला पाठ लावून आकार जुळवला, मगच पैसे दिले.

बोल्ट आधी हातानं, आटे सरळ बसले हे कळेपर्यंत. मग पाना. पान्याला पाइप लावून आवळायचा मोह इथं होतो. मोबाइलमधून भाऊ ओरडला तो ह्यासाठीच. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले की गेले. पॅडची पिन मात्र कॅलिपर फोर्कवर बसल्यावर शेवटी घट्ट.

डिस्कच्या कडेला हे कोरलेले बारीक आकडे दिसतात का? डिस्कची कमीत कमी जाडी किती असावी ते तिथंच लिहिलेलं असतं. मामांच्या डिस्कवर ओरखडे आहेत, जाडी अजून मर्यादेच्या वर आहे. पुढच्या पॅडला कदाचित राहणार नाही.

[लिव्हरवर ताईचा हात. फक्त आवाज.]

आता स्टँडवरून गाडी काढायच्या आधी, किल्ली हातात घ्यायच्या आधी, हे. लिव्हर दाबला. हँडलपर्यंत गेला, काहीच लागलं नाही. पिस्टन अजून मागं आहे. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. सातव्या दाबाला लिव्हर अर्ध्यात अडला आणि दगडासारखा झाला. हे न करता गाडी गल्लीत काढली असती, तर पहिल्या ब्रेकला हात रिकामा गेला असता. ऑइल डबीतल्या खुणेपर्यंत, नव्या बाटलीतलं, झाकणावर लिहिलेल्या डॉटचंच. जुनं ऑइल अख्खं बदलायचं काम मामांनी पुढच्या आठवड्यात मेकॅनिककडून करून घेतलं.

मामांची गाडी जुनी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारी) सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत एबीएस असेल तर चाकाजवळची सेन्सरची वायर सांभाळा. पॅड मात्र त्याही गाडीचे झिजतातच.

[गावाबाहेरचा सरळ रस्ता. किटल्यांशिवाय गाडी. ताई चालवतेय.]

नवा पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाही. चाळीसच्या वेगावरून दहापर्यंत, हलक्या हातानं, दहा-बारा वेळा. मध्ये गाडीला थोडं वारं लागू द्यायचं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेतानं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळीही मामांनी एकच किटली नेली. दुसरी शेजाऱ्याच्या गाडीवर गेली.

[घाट. पहाट. इंजिन सुरू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये.]

[घर. भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाच्या लिटरांच्या आकड्यांशेजारी ताई लिहितेय.]

पॅड बदलले. किलोमीटर ४१,३०६.