आधी पाण्याचं तापमान सांगा

मी पशुवैद्य नाही. मुलुंडला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि गेली पाच वर्षं माझ्या घरी एक ॲक्सोलॉटल आहे, म्हणजे डोक्याच्या बाजूंना झालरीसारखे कल्ले असलेला, पाण्यातच राहणारा बेडकासारखा उभयचर प्राणी. रंग पांढरट-गुलाबी, म्हणून तिचं नाव पिठी. तिच्या आजारपणात मी जे शिकले, ते सांगायला आज आले आहे.

मे महिना होता. सकाळी पाहिलं तर पिठीचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. आदल्या दिवशीचं गांडूळ तसंच पडलेलं. दोन दिवसांनी डाव्या कल्ल्यावर पिंजलेल्या कापसासारखी बुरशी दिसली. मी धावत दुकानात गेले. माशांच्या बुरशीवरची बाटली हातात पडली. ती ओतण्याआधी पशुवैद्यांना फोन लागला, हे पिठीचं नशीब. ते म्हणाले, “बाटली राहू द्या मॅडम. आधी पाण्याचं तापमान सांगा.”

थर्मामीटर लावला. २९ अंश.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! तेव्हा त्याला थंड पाणी लागतं, १६ ते १८ अंशांचं. २४ च्या वर त्याचे हाल सुरू होतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. बुरशी आणि जिवाणूंना मात्र ऊब मानवते.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. आठवड्यापूर्वी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला होता. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्या स्पंजमध्ये राहतात, ते त्या धुण्यात मेले. तपासणी संचाने पाहिलं तर अमोनिया चढलेला. तो शून्य हवा. जिवाणूंची वसाहत पुन्हा उभी राहायला महिना-दीड महिना लागतो. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून पिठीला टाकीतून काढून झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवलं. अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवायचं आणि रोज डब्यातलं सगळं पाणी बदलायचं. गारव्यासाठी बर्फ थेट टाकायचा नाही. पाणी भरून गोठवलेल्या बंद बाटल्या तरंगत ठेवायच्या. सासूबाईंनी फ्रीझरचा अर्धा कप्पा मोकळा करून दिला आणि दुपारची बाटली बदलायचं काम स्वतःकडे घेतलं. त्यांच्याशिवाय मला नोकरी सांभाळून हे जमलं नसतं. तापमान एकदम पाडलं तर तोही धक्काच, म्हणून रोज एक-दोन अंशच उतरवत गेलो.

बुरशीसाठी डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याची अंघोळ सांगितली: एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे (टीस्पून) आयोडीन नसलेलं मीठ, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. घड्याळ समोर ठेवायचं. जास्त वेळ राहिलं तर कल्ले होरपळतात. पहिल्या अंघोळीला पिठी डब्यात उसळत होती आणि माझे हात थरथरत होते. माशांची औषधं का नकोत, तर या प्राण्याला खवले नाहीत. उघडी, ओलसर कातडी सगळं शोषून घेते. तांबं किंवा मॅलेकाइट ग्रीन असलेलं औषध त्याच्या जिवावर बेतू शकतं.

टाकीत खडी घालू नका, हेही इथेच सांगते. तो तोंड उघडून भक्ष्य आत ओढतो, सोबत खडा जातो आणि आतड्यात अडकतो.

लोक विचारतात, याचे तर पायसुद्धा पुन्हा उगवतात, मग एवढी काळजी कशाला? पाय उगवतो हे खरं. पण अमोनियाने भाजलेला, उपाशी जीव आधी जगावा लागतो. आणि निसर्गात हा प्राणी नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. घराघरांतले ॲक्सोलॉटल बहुतांशी १८६० च्या दशकात पॅरिसला नेलेल्या थोड्या प्राण्यांचे वंशज मानले जातात. माझं स्पष्ट मत आहे: मुंबईत चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) आणि तो चालवायचं वीजबिल परवडणार नसेल, तर ॲक्सोलॉटल आणू नका. व्हिडिओतला हसरा चेहरा पाहून तर मुळीच नको. त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. पिठी आजारी असतानाही तशीच ‘हसत’ होती.

नवव्या दिवशी कापूस सुटला. बाराव्या दिवशी रात्री मी गांडुळाचा लहान तुकडा चिमट्याने तिच्या नाकापुढे धरला. बराच वेळ काहीच नाही. मग एका झटक्यात तुकडा आत. सासूबाई झोपल्या होत्या, त्यांना उठवून सांगितलं.

डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्याची झालर अजून आखूड आहे, पण दर महिन्याला थोडी वाढते. मी तारीख घालून फोटो ठेवते.